सतरा नंबरची रिकामी चौकट

१

चौकट जागच्या जागी होती. काच होती, शेजारची पाटी होती, पाटीवरचा सतरा आकडा होता. नव्हता तो फक्त आतला फोटो. काचेमागे नुसता करडा पुठ्ठा दिसत होता.

तनुजाला हे मंगळवारी सकाळी साडेदहाला दिसलं आणि दहा पस्तीसला तिने इंदुताईंना फोन लावला. पोलिसांना नाही, इंदुताईंना. इंदुताई तिच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. वय एकसष्ट. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काढली होती. म्हणजे तयार मालातली खोट शोधायची, एवढंच काम. निवृत्त झाल्या तरी डोळे काही निवृत्त झाले नव्हते. सोसायटीत काही हरवलं की लोक आधी गणपतीला नारळ बोलायचे आणि मग इंदुताईंची बेल वाजवायचे. अलीकडे नारळाचा खर्च वाचवायला लागले होते.

प्रदर्शन रहाटणीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवारी सुरू झालं होतं. नाव होतं ‘दार लोटून’. दोन वर्षं तनुजा कुरुळीच्या, काळेवाडीच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये जाऊन बसत होती. कॅमेरा पिशवीतच. चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, लसूण सोलायचा, आणि घरातली माणसं आपल्याला विसरली की मगच फोटो काढायचा. पलंगावर पेपर पसरून युनिफॉर्मला इस्त्री करणारा एक जण. एका पातेल्यात जेवणारी चार पोरं. भिंतीकडे तोंड करून इंग्रजीचा पाठ म्हणणारी एक बाई. असे चोवीस फोटो, प्रत्येक वहीच्या पानाएवढा. खोल्याच एवढ्याशा, मग फोटो मोठे कशाला करायचे, असं तिचं म्हणणं.

“सतरा नंबर कुणाचा?” इंदुताईंनी आल्या आल्या विचारलं.

“दीपमालाचा. कुरुळीची. झोपलेली होती.” तनुजा म्हणाली. “भिंतीकडच्या अर्ध्या गादीवर ती, गालाखाली हात. उरलेली अर्धी गादी मोकळी, आणि त्यावर नवऱ्याची उशी नीट सरळ करून ठेवलेली.”

“मग दुसरा छाप की.”

“छापायचा प्रश्न नाही हो इंदुताई. झोपलेल्या बाईचा फोटो आहे. तो कुठल्या माणसाच्या घरी गेलाय, कोण तो बघत बसलाय, मला काय माहीत! तिने माझ्यावर विश्वास ठेवून मला रात्री घरात ठेवून घेतलं होतं. नवऱ्याला तर तिने अजून सांगितलेलंही नाही. परवा गुरुवारी इथे आणून दाखवणार होती.”

गुरुवार म्हणजे या पट्ट्यातल्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. त्या दिवशी चोवीसच्या चोवीस घरं आपापला फोटो बघायला यायची होती.

“गुरुवारपर्यंत सापडला नाही, तर मी सगळे फोटो उतरवणार,” तनुजा म्हणाली. “परत कुणाच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहायला मला तोंड राहणार नाही.”

पोरगी रडत नव्हती, पण रडली असती तर बरं झालं असतं असं इंदुताईंना वाटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि चौकट भिंतीवरून उतरवली.

२

चौकटीच्या मागे चार स्क्रू होते. चारही घट्ट बसवलेले. चोर म्हटला की घाई आली, ओरखडे आले, एखादा स्क्रू खाली पडलेला आला. इथे तसलं काही नव्हतं. उलट प्रत्येक स्क्रूवर एक बारीक पिवळी रेघ होती, स्क्रूच्या डोक्यावरून निघून लाकडावर आलेली.

इंदुताईंनी शेजारची सोळा नंबरची चौकट उलटी केली. तिच्यावर रेघ नव्हती. अठरावरही नव्हती.

“हे लाल काय?” त्यांनी सतराच्या पाटीकडे बोट केलं. पाटीच्या कोपऱ्यात एक गोल लाल स्टिकर होता.

“ते होय? दिल्लीला मोठं प्रदर्शन आहे. तिथले लोक रविवारी आले होते. त्यांनी पाच फोटो निवडले आणि खूण म्हणून लावून गेले. सतरा नंबर त्यांना सगळ्यात आवडला होता.”

इंदुताईंना तो लाल स्टिकर बघून उगाचच बरं वाटलं नाही. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्या दाराजवळच्या टेबलापाशी गेल्या आणि अभिप्रायाची वही उघडली. अप्रतिम. खूपच छान. एका मुलीने फूल काढलं होतं. आणि अगदी शेवटी, नाव नाही, गाव नाही, शाळेतल्यासारख्या उभ्या अक्षरात दोन वाक्यं:

‘नं. १७ मध्ये काही खराबी नाही. परत तपासावे.’

“कुणीतरी विचित्रच कौतुक केलंय,” तनुजा म्हणाली.

“त्याच्या वरचं कुणी लिहिलंय?”

“विजयश्रीने, माझ्या मैत्रिणीने. काल रात्री आठला आम्ही दोघींनी मिळूनच हॉल बंद केला. तिने जाता जाता लिहिलं.”

“आणि आज किती लोक आले?”

“अजून एकही नाही. मी दहाला आले तेव्हापासून इथेच आहे.” बोलता बोलता तनुजा थांबली. तिच्याही डोक्यात उजेड पडला होता.

“म्हणजे हे लिहिणारा,” इंदुताई वही मिटत म्हणाल्या, “हॉल बंद असताना आत येऊन गेलाय.”

३

दुपारी संशयित स्वतःच्या पायांनी चालून आला. कुरुळीचा जयदीप. जुन्या गावकीतलं घर, वडिलांची शेती रस्त्यात आणि कंपन्यांत गेली, उरलेल्या जमिनीवर याने खोल्या बांधल्या. दीपमाला त्यातल्याच एका खोलीत राहायची. पांढरी पँट, पांढरा शर्ट, डोक्यावर गॉगल. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्याने विचारलं, “काढला का तो फोटो?”

इंदुताईंनी शांतपणे खुर्ची पुढे केली. “तुम्हाला तो काढायला हवा होता वाटतं?”

“व्हय की! शनवारीच सांगितलं हुतं तनुजाताईंना. त्या फोटुत भिंतीची ओल दिसती. गावात माझी इज्जत हाय, ताई. लोक म्हणत्यात, रूमा बांधल्या अन् साधा रंग देत न्हाई.” रिकामी चौकट दिसताच त्याचा चेहरा पडला. “आरं, खरंच काढला? मी तर सांगाया आलतो, ऱ्हाऊ द्या म्हनून. सोमवारी चार रंगारी लावले. सगळ्या रूमा गुलाबी करून टाकल्या. आता ह्यो फोटू ठिवा आन् शेजारी नवा लावा. आधीचा आन् नंतरचा!”

त्याच्या बाहीवर खरोखरच गुलाबी ठिपका होता. इंदुताईंनी स्क्रू दाखवला. “हा तुम्ही फिरवलात?”

“मी?” जयदीपला हसू फुटलं. “ताई, आमच्यात साधा बल्ब बदलायचा तरी मानूस बोलावतोत.”

हा माणूस खोटं बोलायला लागला तर गावभर ऐकू जाईल, अशी इंदुताईंची खात्री पटली. संध्याकाळी त्या काळेवाडीला गणराजच्या दुकानात गेल्या. चोवीसही चौकटी त्याने केल्या होत्या. त्या कशा उघडायच्या हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

गणराजने चौकट हातात घेतली आणि पिवळी रेघ बघून नाक मुरडलं. “ही घाण माझी नाही बरं का. लाकडावर कुणी रंग लावतं का?”

“स्क्रू घट्ट बसलाय हे कळायला लावली असेल.”

“अहो, ते हाताला कळतं. चार तर स्क्रू. खूण करून कशाला ठेवायची?”

इंदुताईंनी पिवळ्या रेघेवरून अंगठा फिरवला. चार स्क्रूंना खूण लागत नाही. खूण लागते ती दिवसाला हजार स्क्रू पिळणाऱ्याला. लाइनवर एक जण पिळतो आणि मार्करने रेघ मारतो, म्हणजे पुढच्याला कळावं की हा झाला. वर्षभर ते केलं की हात आपोआप खिशाकडे जातो. मग समोर गाडीचं इंजिन असो नाहीतर फोटोची चौकट.

चोर कंपनीतल्या लाइनवरचा होता. आणि त्याने चोरी करताना काम अगदी चोख केलं होतं.

४

किल्ल्या दोनच होत्या. एक तनुजाकडे, एक सुमनताईंकडे. सुमनताई वाचनालयात झाडलोट करायच्या. मूळच्या रहाटणीच्या, बोलायला फटकळ, पण कालपासून त्यांची बोलती बंद होती. बुधवारी सकाळी इंदुताईंनी त्यांच्यासाठी घरून आल्याचा चहा नेला आणि दोघी जिन्यात बसल्या.

“सुमनताई, तुम्ही फोटो घेतला नाही हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त दार उघडलंत.”

सुमनताईंनी कप खाली ठेवला. डोळ्यांना पदर लावला. “माजी नोकरी जाईल हो.”

“नाही जाणार. मी आहे ना.”

“काल सकाळी साडेआठला झाडाया आले, तर हितंच, ह्याच पायरीवर, एक मानूस बसल्याला. कंपनीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. डोळे तांबारल्याले. मला म्हनला, मावशी, कधी उघडतं? मी म्हनले, धाला. तर म्हनला, तवर मी हितंच झोपून पडंन. रातपाळी करून आल्यालं लेकरू, मला दया आली. घेतलं आत.”

“मग?”

“एकाच फोटूपुढं हुबा ऱ्हायला. माजा अख्खा हॉल झाडून झाला तरी हुबा. मग इचारलं, ही लाल टिकली कुनी लावली? म्हनले, रविवारी मोठे सायेब आलते, त्यांनी. म्हनला, आता ह्याचं काय करनार? म्हनले, लाल टिकलीवाले सगळे काढून न्हेनार हायेत. तवा त्याचं तोंड कसं झालं, काय सांगू! मी पानी भराया खाली गेले. वर आले तर मानूस न्हाई. फोटू गेलाय हे मला बी मागनं कळलं.”

इंदुताई जिन्यावरून उठल्याच नाहीत. रविवारपासून कुणाच्याच लक्षात न आलेली गोष्ट आता त्यांच्यापुढे लख्ख उभी होती, आणि त्यांना स्वतःचाच राग येत होता. ती सगळ्यात आधी त्यांना कळायला हवी होती. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

तनुजा वर आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “माणूस कळला. दीपमालाचा नवरा.”

“रोहिदास? म्हणजे त्याला कळलं! आता तो तिला काय करेल, इंदुताई? फोटो फाडला असेल. तिला गावी पाठवून देईल. सगळं माझ्यामुळे.”

“चल, कुरुळीला जाऊ,” इंदुताई म्हणाल्या. “आणि तोंड उघडू नकोस. मी बोलते.”

५

दार रोहिदासने उघडलं. सव्वीस-सत्तावीसचा, काटकुळा, अंगात बनियन, डोळ्यांत झोप. तनुजाच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी बघून त्याची झोप उडाली. खोली नुकती गुलाबी झाली होती आणि रंगाचा वास अजून गेला नव्हता.

इंदुताईंनी आधी गादी बघितली. सवयच ती. दाराकडच्या बाजूला तो आत्ता उठला होता ती खोलगट जागा. भिंतीकडच्या बाजूला तशीच दुसरी खोलगट जागा, तिथे उशी सरळ ठेवलेली. आणि मधली गादी वर आलेली, दुकानातून आणल्यासारखी.

“कंपनीत मोबाईल गेटवरच ठेवून घेतात ना?” त्यांनी विचारलं.

रोहिदासला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. “हाव. बारा तास गेटवरच ऱ्हातो.”

“म्हणून कागदावरचा लागला. नाहीतर प्रदर्शनात लोक मोबाईलवर फोटो काढतच होते, तुम्हीही काढला असता. स्क्रूवर रेघ मारलीत, वहीत ‘परत तपासावे’ लिहिलंत. आणि लाल स्टिकर बघितलात.” इंदुताईंचा आवाज नकळत खाली आला. “मी अठ्ठावीस वर्षं लाल स्टिकर लावायचं काम केलंय, रोहिदास. लाल लागला की पीस रिजेक्ट. लाल पेटीत, आणि तिथून भंगारात.”

रोहिदास गादीच्या कडेला बसला.

“चहाच्या डब्याखाली तुमच्या प्रदर्शनाचं कार्ड घावलं बगा मला, वर तिचं नाव लिवल्यालं,” तो म्हणाला. त्याची बोली परभणीकडची होती. “तिनं मला काहीच सांगितलं नवतं. लई राग आलता. कंपनीच्या बसनं काळेवाडीत उतरलो, तिथनं रहाटणीला चालत आलो, जिना चढस्तोवर राग होता. मग फोटू बघितला.” त्याने भिंतीकडच्या उशीकडे बघितलं. “लग्नाला पावणेदोन वर्षं झाली. ती सकाळी सहाला जाती, म्या आठला येतो. ती आठला येती तर म्या गेल्याला. गुरुवारी धुणं, बाजार, पाणी, आन् रातच्याला म्याच आधी पडतो. ती माझी जागा सोडून झोपती, हे मला म्हाईतच नवतं, आत्या.”

तनुजाने तोंडावर हात धरला होता.

“आन् त्याच फोटूला लाल लावल्यालं! म्या लई न्याहाळलं, खराबी कुठं घावना. तसं लिवून ठिवलं. पण मावशी म्हणल्या, काढून नेणार हायेत.” त्याने मूठ गादीवर टेकवली. “माझ्या बायकूला रिजेक्ट करून भंगारात टाकायलेत, आन् म्या कामून बघत बसू? भंगारातलं नेलं तर चोरी होत नस्ती, असं वाटलं मला.”

हाताखालून गेलेले हजारो लाल स्टिकर इंदुताईंना आठवले. त्यातल्या एकाही पिसासाठी कुणी भांडलं नव्हतं.

“बाळा, तिथे लाल म्हणजे रिजेक्ट नव्हतं. चोवीस फोटोंतून दिल्लीला न्यायला जे पाच सगळ्यात चांगले निवडले, त्यांना तो लावला होता.”

रोहिदासची मान खाली गेली. “म्हणजे म्या चोरीच केली की हो.”

“फोटो कुठे आहे?” तनुजाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“माझ्या लॉकरला. दाराच्या आतल्या बाजूनं. उद्या सकाळी सुटलो की घेऊन येतो. तिला काही सांगू नका, ताई. म्या सांगतो.”

निघताना इंदुताई दारात थांबल्या. “रोहिदास, तुम्ही झोपता ती गादी कधी नीट बघा. जागा एकटी तीच सोडत नाही.”

६

गुरुवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लोक स्वतःचं घर भिंतीवर बघून लाजत होते आणि दुसऱ्याचं बघून हसत होते. पातेल्यातली चार पोरं आपल्या फोटोपुढे उभी राहून परत फोटो काढत होती. जयदीप येणाऱ्या-जाणाऱ्याला गुलाबी रंगाविषयी सांगत होता.

दीपमाला निळी साडी नेसून आली होती. सतरा नंबरपाशी जाऊन थबकली. “ताई, माझा कुठाय?”

तनुजा काही बोलायच्या आत रोहिदास गर्दीतून पुढे आला. कंपनीचाच शर्ट, हातात डब्याची पिशवी. पिशवीतून त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. कोपऱ्यांना लॉकरच्या चिकटपट्टीचे डाग पडले होते.

त्याने चौकट उतरवली, पिशवीतल्या स्क्रूड्रायव्हरने उघडली, फोटो आत घातला, चारही स्क्रू पिळले. मग त्याचा हात आपोआप खिशात गेला, मार्कर बाहेर आला, आणि जुन्या रेघांशेजारी नव्या चार रेघा उमटल्या. गणराज मागून ओरडला, “अरे, लाकडावर नको रे!” सगळा हॉल हसला. रोहिदासही हसला. आणि मग हळू आवाजात, बायकोकडे न बघता, त्याने तिला सगळं सांगितलं. राग, जिना, लाल स्टिकर, लॉकर, सगळं.

दीपमालाने ऐकून घेतलं. चिडेल, रडेल असं तनुजाला वाटत होतं. ती नुसती फोटोकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

इंदुताईंनी पर्समधून एक जुनं पाकीट काढलं. निवृत्तीच्या दिवशी टेबलाच्या खणातून आणलेले, वापरायचे राहून गेलेले हिरवे स्टिकर. त्यांनी पाचही पाट्यांवरचे लाल नखाने काढले आणि तिथे हिरवे लावले. सतरा नंबरला सगळ्यात शेवटी लावला, आणि तो नीट बसावा म्हणून अंगठ्याने जरा जास्तच दाबला.

“दीपमाला,” तनुजाने विचारलं, “हा दिल्लीला पाठवू का? तू नको म्हणालीस तर नाही पाठवणार. ह्यांच्या लॉकरसाठी मी दुसरा छापून देतेच आहे.”

“पाठवा की ताई.” दीपमालाने पदराने डोळे पुसले. “पण मला एक पायजे. ह्यांचा. झोपल्याला.”

“माझा कशाला?” रोहिदास दचकला.

“आमच्या बी कंपनीत मोबाईल गेटवरच ठिवून घेत्यात,” ती म्हणाली. “आन् तुमी जागा सोडून झोपता, का सगळी गादी घेता, हे मला बी बघायचंय.”

रोहिदासने इंदुताईंकडे बघितलं. इंदुताईंनी लगेच छताकडे बघितलं.

“शनिवारी सकाळी येते,” तनुजा म्हणाली. “अकराला चालेल?”

“चालंल,” नवऱ्याच्या वतीने दीपमालाच म्हणाली. “मी कामावर असंन. हे गाढ झोपल्याले असतील. तुमी या खुशाल, ताई. ह्यांना सांगते, कडी लावू नका म्हणून. दार नुसतं लोटून ठिवतील.”